शेतघराच्या पेटीतली बंडी आणि मोज्यांचे पट्टे: काळ कसा ओळखायचा, जपायचं कसं

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्या गावातल्या छोट्या इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करतात. एका जुन्या शेतघरातून त्यांच्याकडे पेटी आली. तिच्यात लहान मुलाची बिनबाह्यांची सुती बंडी निघाली, तिच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिकचे पट्टे लोंबताहेत. शिवाय बायकांचा साटीनचा कंबरपट्टा, काही सुट्या धातूच्या क्लिपा आणि टपालाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगचं फाटकं पान. हे नेमकं काय आहे? बंडी मुलाची की मुलीची? साल ठरवता येईल का? आणि शाळेच्या प्रदर्शनात एखाद्या मुलीला ती बंडी घालून दाखवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: घालू नका. कारण पुढे सांगते. मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते आणि अशा पेट्या उघडल्यावर लोक सगळ्यात आधी कापड न्याहाळतात, हे नेहमी पाहते. कापडावरून इथे फारसं काही कळत नाही. पांढरं ड्रिल (तिरप्या विणीचं जाड सुती कापड) किंवा साटीन चाळीस-पन्नास वर्षं जवळपास तसंच वापरात होतं. काळ सांगतात ते क्लिप आणि इलॅस्टिक. कॅटलॉगच्या पानाचंही तसंच. चित्र बघून साल ठरवायला जाऊ नका, चित्राखालचा बारीक मजकूर वाचा.

तुमच्याकडच्या या सगळ्या वस्तू एकाच कामाच्या आहेत, लांब मोजे वर धरून ठेवण्याच्या. आज मोज्याच्या काठातच इलॅस्टिक विणलेलं असतं, त्यामुळे ही केवढी मोठी अडचण होती ते लक्षात येत नाही. सुती किंवा लोकरीचा गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा मोजा स्वतःच्या वजनानेच खाली येतो. मूल दोनदा धावलं, एकदा उकिडवं बसलं की मोजा घोट्याशी गोळा. शतकानुशतकं यावर एकच उपाय होता: गुडघ्याच्या वर किंवा खाली फीत, नाडी नाहीतर चामड्याचा बंद बांधायचा. बंद सैल बांधला तर मोजा उतरतो, घट्ट बांधला तर पाय आवळतो. आपल्याकडे शाळेच्या मोज्यांवर रबर चढवून गेलेल्या कोणालाही संध्याकाळी पिंढरीवर उमटलेला तो लाल वळ आठवत असेल. थंड देशात मुलं वर्षातले सहा-सात महिने असा आवळलेला पाय घेऊन वावरत, आणि मोजे त्याच्या दुप्पट जाड.

रबर आलं तेव्हा सुरुवातीला या बंदातच ते घातलं गेलं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने 1820 मध्ये कपड्यांना रबराच्या ताणपट्ट्या लावण्याचं पेटंट घेतलं होतं. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं, त्यामुळे ते फार चाललं नाही. गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडली आणि 1844 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. इलॅस्टिकच्या पट्टीचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो त्यानंतर. तरी पट्टी पायाभोवतीच होती, आवळणं संपलं नव्हतं.

बदल झाला तो भार कुठे टांगायचा या प्रश्नाने. 1870 च्या दशकात बॉस्टनमध्ये बायकांच्या पोशाखात सुधारणा व्हावी म्हणून एक चळवळ उभी राहिली. स्त्री-डॉक्टर आणि लेखिका जाहीर व्याख्यानं देत. त्यांचं म्हणणं साधं होतं: कमरेवर घागऱ्यांचं ओझं आणि पायावर आवळलेले बंद, दोन्ही घातक. कपड्याचा भार खांद्यावर यायला हवा. त्यातून खांद्यावरून येणारी, हाडं म्हणजे आधाराच्या कडक काड्या न घातलेली बंडी तयार झाली. सुझन टेलर कॉन्व्हर्स या बाईंनी 1875 मध्ये अशाच एका ‘मुक्ती’ बंडीचं पेटंट घेतलं आणि बॉस्टनच्या जॉर्ज फ्रॉस्ट कंपनीने ती बाजारात आणली. पुढे याच कंपनीच्या ‘व्हेल्व्हेट ग्रिप’ क्लिपा घराघरांत पोहोचल्या. तुमच्या सुट्या क्लिपांवर हे नाव कोरलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, भिंगाखाली बघा.

मोठ्या बायकांनी ही सुधारलेली बंडी सरसकट स्वीकारली नाही, कॉर्सेट, म्हणजे हाडं घालून कमर आवळणारं अंतर्वस्त्र, पुढेही बरीच वर्षं टिकलं. मुलांच्या कपड्यांत मात्र ती कल्पना पूर्ण रुजली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग, कारण इथे शिवणकामाची खरी हुशारी दिसते. तुमची बंडी उलटी करून बघा. खांद्यापासून कमरेपर्यंत जाड सुती फितीच्या उभ्या पट्ट्या शिवलेल्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. मोज्यांचा ताण क्लिपेतून इलॅस्टिकला, इलॅस्टिकमधून कमरेच्या बटणाला आणि बटणातून या फितीवरून थेट खांद्याला जातो. मधल्या कापडावर तो ताण येतच नाही, म्हणून कापड पातळ ठेवता येतं आणि ते फाटत नाही. फीत बरोबर बटणाखालून गेली आहे का ते पाहा. चांगल्या कारखान्याच्या मालात ती तशी असते. स्वस्त मालात फीत बटणाच्या बाजूने जाते आणि मग बटणापाशी कापड चिरलेलं सापडतं.

कमरेला बटणांची जी रांग आहे, तिच्यावर फक्त मोजे टांगत नसत. चड्डी, परकर, मुलाची गुडघ्यापर्यंतची विजार, सगळं याच बटणांवर अडकायचं. मुलांच्या पोशाखाची खुंटीच म्हणा ती. काही विणलेल्या बंड्यांना बटणाऐवजी कडेला धातूची छोटी नळी शिवलेली असते, तिच्यातून सेफ्टी पिन घालून मोज्यांचा पट्टा लटकवायचा. नळी नसेल आणि कडेला भोकांचा पुंजका दिसला, भोकांभोवती गंजाचा तांबूस डाग असला, तर तिथे पिनेने लावायचे सुटे पट्टे वापरले होते असं समजा. या डागांना हात लावू नका. धुऊन काढलेत तर ती बंडी कशी वापरली गेली याचा पुरावाच जाईल.

आता मुलगा की मुलगी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुलगे आखूड विजार आणि लांब, बहुतेक काळे मोजे घालत. मुली फ्रॉक आणि तसेच मोजे. दोघांनाही मोजे वर धरायचेच होते, त्यामुळे बंडी तीच. कॅटलॉगांत ती मुला-मुलींसाठी एकत्र दिलेली असते आणि माप वयावरून सांगितलेलं असतं. म्हणून संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ‘मुलीची’ असं लिहू नका, ‘लहान मुलाचा पोशाख, मुला-मुलींसाठी’ असं लिहा. बटणं मागे असतील तर मूल लहान होतं आणि ती लावायला दुसरं कोणीतरी लागत होतं. पुढे असतील तर मूल स्वतः घालण्याइतकं मोठं. एवढा निष्कर्ष काढायला हरकत नाही, त्यापुढे जाऊ नये. 1920 च्या दशकात मुलग्यांचे मोजे गुडघ्याखाली आले आणि अमेरिकेत ही बंडी हळूहळू मागे पडली.

मोजे काळे का, हेही जाता जाता. धुण्यात न उतरणारा पक्का काळा रंग सुती मोज्यांना देणं ही त्या काळात मोठी विक्रीची गोष्ट होती. जर्मनीतल्या केम्निट्झच्या लुई हर्म्सडॉर्फ यांच्या रंगाचा शिक्का मोज्यावरच छापलेला असे आणि अमेरिकी जाहिरातींत त्याचं नाव ठळकपणे येई. पेटीत मोजाही सापडला तर त्याच्या तळव्यावर आणि काठावर असा शिक्का शोधा.

क्लिपेकडे वळू. तिचे तीन भाग असतात: वरची सरकती बकल, मधली इलॅस्टिकची पट्टी आणि खालची पकड. पकडीत जिभेसारख्या तुकड्यावर एक गोल बटण असतं आणि समोर तारेची कडी, वर रुंद आणि खाली अरुंद, किल्लीच्या भोकाच्या आकाराची. मोज्याचा काठ आतून बटणावर घ्यायचा, वरून कडीचा रुंद भाग बटणावर बसवायचा आणि बटण खाली ओढून कडीच्या अरुंद भागात अडकवायचं. मोजा जितका खाली ओढला जाईल तितकी पकड घट्ट होते. यात कापड टोचलं जात नाही, ते फक्त दाबलं जातं. आधीच्या काळात दातेरी चिमटे होते. ते मोज्याचे धागे तोडत, आणि एक धागा तुटला की विणीत वरपासून खालपर्यंत शिडी पडते. म्हणून बटणावर आधी कापड चढवलं गेलं, मग बटणच रबराचं झालं. सगळी जाहिरातबाजी या एका इंचाभोवती चाले: आमची पकड मोजा फाडत नाही. शिकागोच्या ए. स्टाइन कंपनीची मुलांसाठीची ‘हिकरी’ आणि पुरुषांसाठीची ‘पॅरिस’ गार्टर (मोज्यांचे पट्टे) याच दाव्यांवर खपत होती. पुरुषांच्या पट्ट्याच्या जाहिरातीत धातू अंगाला लागत नाही हे आवर्जून सांगत.

काळ ठरवायचे खरे धागे इथे आहेत. क्लिपेवर पेटंटची तारीख कोरलेली असली तर आधी ती मंगळवारी येते का बघा. अमेरिकेत पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मंगळवारी दिली जातात. वॉल्टर हंटचं सेफ्टी पिनचं पेटंट 10 एप्रिल 1849 चं, तोही मंगळवार. झिजलेला अंक 3 की 8 असा संभ्रम पडला की ही युक्ती कामी येते: दोन्ही तारखांचे वार काढा, मंगळवार येतो ती तारीख बहुधा बरोबर. मात्र ही तारीख वस्तू बनल्याची नव्हे, ‘याच्या आधीची नाही’ एवढंच ती सांगते. पेटंटची मुदत तेव्हा 17 वर्षं होती आणि कारखाने तोच साचा वर्षानुवर्षं वापरत. आणखी एक दुवा: 1927 मध्ये कायदा बदलला आणि वस्तूवर तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक देणं आवश्यक झालं. म्हणजे नुसती तारीख असली तर वस्तू साधारण त्याआधीची, लांबलचक क्रमांक असला तर बहुतेक त्यानंतरची. ब्रिटिश वस्तूवर नोंदणीकृत नक्षीचा क्रमांक असेल तर ती 1884 नंतरची, कारण ती क्रमांकमालिका तेव्हा सुरू झाली. दोन बाकदार ‘सी’ आणि 41 हा आकडा अशी खूण दिसली तर तो युद्धकाळातला ‘युटिलिटी’ माल (सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्याचा), 1941 नंतरचा.

इलॅस्टिकचं सुटलेलं टोक दहापट भिंगाखाली धरा, ओढू मात्र नका. रबराच्या धाग्याचा छेद चौकोनी दिसतो की गोल? जुना धागा रबराच्या पत्र्यातून कापून काढत, म्हणून तो चौकोनी. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला द्रवरूप लॅटेक्समधून गोल धागा ओढून काढण्याची पद्धत आली, त्याच्यावर सुताचं वेटोळं दिलं की ‘लॅस्टेक्स’. गोल छेद दिसला तर वस्तू त्यापूर्वीची नाही हे ठामपणे म्हणता येतं. चौकोनी असेल तर इतकं ठाम बोलू नका, कापलेला धागा पुढेही वापरात राहिला. जिथे शिवण उसवली आहे तिथे हे टोक सापडतं. नव्याने कापून बघायची गरज नाही.

बायकांच्या साटीनच्या कंबरपट्ट्याबद्दल. 1890 च्या दशकात असे स्वतंत्र पट्टे कॉर्सेटवरून कमरेभोवती बांधत किंवा पोटावर एक गादीसारखा तुकडा ठेवून त्यातून पट्टे सोडत. 1900 च्या सुमारास पुढून सरळ कॉर्सेट आलं. पॅरिसच्या डॉ. इनेस गाश-सारोत यांनी पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून त्याचा पुरस्कार केला होता. त्या वेळेपासून मोज्यांचे पट्टे कॉर्सेटलाच शिवलेले येऊ लागले. इथे पट्ट्याचं काम दुहेरी झालं. पट्टे मोजा वर धरत होते आणि ताणलेला मोजा कॉर्सेटला खाली खेचून धरत होता, म्हणजे ते वर सरकू नये. म्हणूनच 1910 च्या आसपास, कॉर्सेट मांड्यांपर्यंत लांब झाल्यावर, पुढच्या पट्ट्यांची इलॅस्टिक चांगलीच रुंद आणि दणकट दिसते. तुमचा पट्टा अरुंद असेल, त्याला आधाराची हाडं नसतील आणि चारच पट्टे असतील, तर दोन शक्यता उरतात: एक 1890 च्या दशकातली आणि दुसरी 1920 नंतरची, जेव्हा तरुण मुलींनी कॉर्सेट सोडलं आणि हलका पट्टा तेवढा ठेवला. या दोघांतला फरक कापडावरून कळणार नाही. वरची क्लिपेची आणि धाग्याची परीक्षा इथे लावा.

आता कॅटलॉग. आरोन मॉन्टगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये शिकागोहून एका पानाच्या यादीवर टपालाने माल विकायला सुरुवात केली. 1875 मध्ये त्याने समाधान नाही तर पैसे परत अशी हमी दिली. रिचर्ड सीअर्सने 1886 मध्ये घड्याळांपासून सुरुवात केली, 1893 मध्ये कंपनीचं नाव सीअर्स, रोबक झालं आणि काही वर्षांतच तिचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचला. कॅनडात टोरंटोच्या ईटन्सचा कॅटलॉग 1884 पासून होता. या धंद्यात मोज्यांचे पट्टे हा आदर्श माल होता, आणि त्याचं कारण टपालाच्या दरात आहे. 1913 पूर्वी अमेरिकी टपालाने 4 पौंडांपेक्षा जड पुडकं घेत नसत आणि मालाचा दर औंसाला 1 सेंट होता. शेगडी किंवा शिवणयंत्र मागवलं तर ते रेल्वेने यायचं, आणायला गाडी जोडून स्टेशनवर जावं लागायचं. पट्ट्यांची जोडी मात्र एक-दोन औंसांची, ती सरळ टपालात यायची. 1896 पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झालं, मग तर दारातल्या पेटीतच. 1 जानेवारी 1913 ला पार्सल टपाल सुरू झाल्यावर पहिल्या पाच दिवसांत 40 लाखांहून अधिक पार्सलं हाताळली गेली.

दुसरं कारण माझ्या मते तितकंच महत्त्वाचं आहे. गावात एकच दुकान, गल्ल्यावर पुरुष, आणि आतल्या कपड्याचं माप त्याच्यासमोर सांगायचं. कॅटलॉगात बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माप घेई, क्रमांक लिही आणि पाकीट धाडून देई. कोणाला काही बोलावं लागत नसे. म्हणूनच या वस्तूंच्या वर्णनात माप कसं घ्यायचं हे इतक्या तपशिलाने दिलेलं असतं: फीत कुठे धरायची, कपड्यावरून की आतून, मुलाचं वय किती. आज मला या वर्णनांतून त्या काळच्या शिवणाबद्दल जेवढं कळतं तेवढं शिवणकामाच्या पुस्तकांतूनही कळत नाही.

तुमच्या पानाची अडचण अशी की कॅटलॉग कंपन्या चित्रांचे ठोकळे वर्षानुवर्षं पुन्हा वापरत. 1897 च्या चित्रातली बाई 1902 लाही तीच असू शकते, तोच अंबाडा, तीच बाही. मजकूर मात्र बदलायचा: किंमत, क्रमांक, उपलब्ध रंग, ‘नवीन’ म्हणून सांगितलेली गोष्ट. म्हणून पानाचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि किंमत या तीन गोष्टी टिपा आणि जुन्या अंकांच्या संपूर्ण प्रतींशी ताडून बघा. सीअर्स आणि वॉर्डच्या काही वर्षांच्या प्रती पुनर्मुद्रित झालेल्या आहेत, अनेक मोठ्या अमेरिकी ग्रंथालयांत मायक्रोफिल्म आहेत. तुमच्या राज्यातल्या ग्रंथपालाला विचारा, असली कामं ते आनंदाने करतात. तीनही गोष्टी एकाच अंकात जुळल्या तर पानाचं साल पक्कं. पण पानाचं साल म्हणजे बंडीचं साल नव्हे. पेटीत पान नुसतं तळाला अंथरलेलं असू शकतं, आणि पाठच्या भावंडांसाठी बंडी दहा-दहा वर्षं वापरली जायची. बंडीवर बाजूच्या शिवणी सोडून पुन्हा घातल्याच्या खुणा, दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेली बटणं, असं काही दिसलं तर ते नोंदवहीत लिहा. त्या घराची गोष्ट तिथे आहे.

इंग्लंडमध्ये याच बंडीचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे लेस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरोच्या सिमिंग्टन कारखान्याची ‘लिबर्टी बॉडिस’, 1908 पासूनची. मऊ विणीचं कापड, वर सुती फितींचे पट्टे, पुढे रबराची बटणं. कपडे पिळायच्या लाटणयंत्रात हाडाची किंवा शिंपल्याची बटणं फुटत, रबराची नाही. या कारखान्याचा संग्रह आता लेस्टरशायरच्या संग्रहालय विभागाकडे आहे आणि अभ्यासकांसाठी तो मोठा आधार आहे. जर्मनीत अशीच बंडी ‘लाइपशेन’ नावाने दुसऱ्या महायुद्धानंतरही मुलं घालत होती, आणि तिथेही फ्युर्थची क्वेले किंवा वायडेनची विट अशा टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्या होत्या. तुमच्या पेटीचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण जर्मन वंशाच्या शेतकरी घरात नातेवाइकांनी पाठवलेला कपडा सापडू शकतो. बटणाच्या मागे देशाचं नाव आहे का ते बघा.

भारतातला दुवाही खरा आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीने 1891 मध्ये मुंबईत आपलं भांडार काढलं. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. त्यांचा जाडजूड कॅटलॉग इथल्या छावण्यांत आणि बंगल्यांत जाई, आणि त्यातून साहेबांच्या मुलांचे मोजे, बंड्या, पट्टे मागवले जात. आपल्याकडे व्ही.पी. म्हणजे माल हातात घेताना टपालवाल्याला पैसे देण्याची सोय 1877 पासून होती, तिचाही अशा व्यापाराला हातभार लागला. जुन्या स्टुडिओतल्या छायाचित्रांत पारशी बायका साडीखाली मोजे आणि बूट घातलेल्या दिसतात. त्यामुळे मुंबईत जुन्या पारशी घराची ट्रंक उघडली की क्लिपा निघाल्या तर मला नवल वाटत नाही. फक्त इथल्या उष्णतेत आणि पावसाळ्यात रबर तुमच्याकडच्यापेक्षा फार लवकर जातं.

शेवटची वर्षं थोडक्यात. 1940 मध्ये अमेरिकेत नायलॉनचे मोजे आले. 1941 च्या अखेरीस जपानने मलायाकडे मोर्चा वळवला आणि पुढच्या काही महिन्यांत आग्नेय आशियातलं रबर दोस्तराष्ट्रांना मिळेनासं झालं. इलॅस्टिक आखूड झालं, धातूची जागा इतर साहित्याने घेतली. क्लिपेचं बटण हरवलं तर बायका त्या जागी नाणं दाबून मोजा अडकवत. 1959 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन मिलने कमरेपर्यंतचे एकसंध मोजे बाजारात आणले, पुढे आखूड स्कर्टची लाट आली आणि पट्ट्यांची गरजच संपली. रंगवलेली किंवा प्लास्टिकची क्लिप दिसली तर ती या शेवटच्या टप्प्यातली समजा.

आता जपण्याबद्दल, आणि मूळ बंडी का घालू नये याबद्दल. जुनं रबर दोन प्रकारे मरतं: कडक होऊन तुकडे पडतात, किंवा मऊ होऊन डिंकासारखं चिकटतं. दोन्ही गोष्टी हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे होतात आणि त्या उलटवता येत नाहीत. इलॅस्टिक एकदा ताणलं तर आतले धागे तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून अंगावर घालणं तर सोडाच, पट्टा किती ताणतो हे बोटाने बघणंसुद्धा नको. धुणं, इस्त्री, टाल्कम पावडर, काहीही नको.

तांबं आणि पितळ रबराचा नाश वेगाने करतात, आणि रबरातून निघणारं गंधक उलट त्या धातूंना आणि चांदीला काळं करतं. म्हणजे ही क्लिप आणि ही पट्टी एकमेकांना खातात. त्यांना वेगळं करायला टाके काढू नका. धातू आणि रबर जिथे भिडतात तिथे स्वच्छ पॉलिस्टर फिल्मचा छोटा तुकडा सरकवून ठेवा. चिकट झालेलं रबर असेल तर त्याखाली सिलिकॉनचा लेप असलेला कागद घाला, नाहीतर ते टिश्यूला कायमचं चिकटेल. बंडीत आम्लरहित टिश्यूचे हलके गोळे भरा, म्हणजे कायमची घडी पडणार नाही. पट्टे सरळ, सैल ठेवा. पेटीही आम्लरहित पुठ्ठ्याची. पीव्हीसीची पिशवी वापरू नका. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने रबर आणि प्लास्टिक मऊ पडतं. जागा थंड, कोरडी, अंधारी. तुमच्याकडे सोय असेल तर हवाबंद फिल्ममध्ये ऑक्सिजन शोषणारी पुडी घालून ठेवणं उत्तम, पण ते एखाद्या संवर्धकाकडून करून घ्या. हाताळताना नायट्रिलचे हातमोजे घाला.

प्रदर्शनासाठी प्रतिकृती शिवा. मध्यम वजनाचं सुती ड्रिल, अर्ध्या इंचाची न ताणणारी सुती फीत, शिंपल्याच्या बटणांसारखी बटणं, आणि क्लिपा आजही शिवणसामानाच्या दुकानात मिळतात. मूळ बंडीचं माप तिला सपाट ठेवून घ्या, काखेचा काप कागदावर उतरवा, आणि फीत खांद्याच्या शिवणीतून निघून बरोबर बटणाखाली संपेल याची काळजी घ्या. ती प्रतिकृती लहान मुलाच्या मापाच्या पुतळ्यावर चढवा, जिवंत मुलावर नको. त्याखाली मोजा आणि आखूड विजार किंवा परकर लावून दाखवलं की काम कसं चालतं ते आपोआप कळतं. मुलांच्या हाती द्यायची ती फक्त सुटी नवी क्लिप आणि मोज्याचा तुकडा: बटणावर काठ घ्या, कडी बसवा, बटण खाली ओढा. शाळेतल्या मुलांना हे करून बघायला फार आवडतं आणि यंत्र कसं चालतं ते त्यांना लगेच समजतं.

कॅटलॉगचं पान बंडीजवळ ठेवू नका. तो लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आहे, तो कापडाला पिवळं करतो. पान वेगळ्या पॉलिस्टरच्या पाकिटात, मागे अल्कलीयुक्त कागद घालून ठेवा. पण ते पेटीत नेमकं कुठे होतं, तळाला की घडीत, हे नोंदीत लिहा. पानाचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि किंमत, क्लिपेवरची अक्षरं आणि इलॅस्टिकच्या टोकाचा भिंगाखालचा फोटो मोजपट्टीसह काढून पाठवलात तर साल पाच-दहा वर्षांच्या आत आणून देता येईल.